एसटीच्या मुक्कामात लिहिलेली माझी कथा दिवाळी अंकात स्वीकारली गेली!

मुक्काम | १२ ऑगस्ट, रात्री ९.४०

मंडळी, आज राहवत नाही म्हणून लिहितोय. माझी कथा एका दिवाळी अंकाने घेतली. अंक बाहेर येईपर्यंत नाव सांगू नका, अशी संपादकांची विनंती आहे, म्हणून अंकाचं नाव नंतर. पण बातमी पक्की आहे.

इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, मी एसटीत वाहक आहे. सिंधुदुर्गात. आज सकाळी मुक्कामी गाडी घेऊन डेपोत आलो, कॅश भरायला खिडकीशी उभा राहिलो. वेबिल पुढे केलं, नोटा लावून ठेवल्या आणि चिल्लर मोजत होतो तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून बाई बोलत होत्या. आधी नाव विचारलं, मग म्हणाल्या, "तुमची कथा आम्ही घेतोय." मी "हो" म्हणालो. पुढे काय बोलावं ते सुचेना. त्यांनीच विचारलं, "नंतर फोन करू का?" मी म्हणालो, "नको, बोला, बोला." फोन ठेवल्यावर चिल्लर पहिल्यापासून मोजली. तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. शेवटी कॅशियरनेच हात पुढे केला, म्हणाला, "द्या इकडे. घरी सगळं बरं आहे ना?" मी सांगितलं, "कथा लागली." त्याला काही कळलं नाही, पण तो हसला आणि नाणी मोजून दिली.

कथेबद्दल थोडं सांगतो. एक चालक आणि एक वाहक. काही कारणाने दोघांत अबोला धरलेला. ड्युटी मात्र एकत्रच लागलेली, तीही मुक्कामाची, सलग महिनाभर. रात्री साडेआठला गाडी गावात पोहोचते, सकाळी पावणेसहाला निघते. मधले नऊ तास एकाच पडवीत काढायचे. दिवसभर दोघांत एकच बोलणं, ते म्हणजे बेल. एक बेल थांबा, दोन बेल चला. ज्या घराच्या पडवीत ते झोपतात, तिथली म्हातारी रोज रात्री दोघांसाठी पेज आणून ठेवते. बस, एवढीच कथा.

असा अबोला मी स्वतः अनुभवलाय, म्हणून लिहिता आलं. ज्यांनी मुक्कामी ड्युटी केली आहे त्यांना ठाऊक असेल, काळोखात गाडीचं इंजिन बंद झालं की कानात किती शांतता भरते ते. त्या शांततेत शेजारचा माणूस कूस बदलतो, खोकतो, विडी पेटवतो, आणि आपण त्याच्याशी बोलत नसतो.

कथेचं पहिलं वाक्य तिकिटाच्या रोलवर लिहिलं होतं. मशीनचा रोल संपत आला की कडेला गुलाबी पट्टा येतो, तो उरलेला तुकडा मी कधी टाकत नाही. त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते, पण पेनाने लिहिलेलं राहतं. तो तुकडा अजून पाकिटात आहे. आज परत काढून वाचला.

२०१७ साली हीच कथा एका मासिकाकडे पाठवली होती. तेव्हा हाताने लिहून, परतीचं तिकीट लावलेला लिफाफा जोडून. दोन महिन्यांनी लिफाफा परत आला. आत नेहमीची छापील चिठ्ठी, "साहित्य साभार परत." त्या चिठ्ठीच्या खाली कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "बेलचा भाग चांगला आहे." सही नाही, नाव नाही. कोण होतं ते मला अजून माहीत नाही. त्यानंतर ही कथा आणखी दोन ठिकाणांहून परत आली, तेव्हा दर वेळी मी ती पेन्सिलीची ओळ काढून वाचायचो. त्या माणसाने अर्धा मिनिट काढून पेन्सिल उचलली नसती तर कथा पेटीतच राहिली असती. हे वाचणाऱ्यांत कुणी संपादनाचं काम करत असेल तर एवढंच सांगतो, तुमची एक ओळ कुणीतरी आठ-आठ वर्षं जपून ठेवतो.

आजच्या फोनमध्ये संपादकबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिलं दीड पान काढा, त्यात डेपोचं वर्णन आहे, कथा गाडी सुटल्यावर सुरू होते. आणि शेवटचं पान काढा. शेवटच्या पानात मी दोघांना बोलायला लावलं होतं, चूक कुणाची ते उलगडलं होतं, डोळे पुसले होते. त्यांचं म्हणणं असं: चालक पेजेची थाळी वाहकाकडे सरकवतो, तिथेच कथा संपली आहे. विचार करायला आठ दिवस दिलेत.

माझा जीव त्या शेवटच्या पानात अडकलाय. तुम्ही काय म्हणता?

---

सुरंगी | १२ ऑगस्ट, रात्री ९.५८

मुक्कामदादा!!! अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! चिल्लर मोजण्याचा प्रसंग वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी एका 'क' वर्गाच्या ग्रामीण ग्रंथालयात काम करते. आमच्याकडे दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. सभासदांनी एकदाच पैसे भरायचे आणि सगळे अंक आळीपाळीने न्यायचे. पहिले पंधरा दिवस तर अंक टेबलावर टिकत नाही. तुमचा अंक मी घेणारच, आणि अनुक्रमणिकेत तुमच्या नावाखाली खूण करून ठेवणार. नियमात बसत नाही, तरी करणार.

शेवटाबद्दल माझं मत: थाळी सरकवण्यावर थांबा. वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला.

---

ठिपका | १२ ऑगस्ट, रात्री १०.१५

मनापासून अभिनंदन दादा. माझ्या आत्तापर्यंत पाच कथा परत आल्या, त्यातल्या तीनचं तर उत्तरही आलं नाही. तुम्ही कधी पाठवलीत, कशी पाठवलीत? मानधन मिळतं का? विचारायला संकोच वाटतो, पण इथे नाही विचारायचं तर कुठे.

---

मुक्काम | १२ ऑगस्ट, रात्री १०.४०

सुरंगीताई, तुमच्या ग्रंथालयाच्या टेबलावर माझं नाव पडेल या कल्पनेनेच आज झोप येणार नाही.

ठिपका, संकोच कसला. या वेळी ईमेलने पाठवली, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. बहुतेक अंक जून-जुलैपर्यंत साहित्य मागवतात, ऑगस्टमध्ये पाठवलं तर उशीर होतो. फोनवरच टाइप केली, युनिकोडमध्ये, साधी वर्ड फाइल. सोबत चार ओळींचं पत्र: मी कोण, कथा किती शब्दांची, पूर्वी कुठे प्रसिद्ध झालेली नाही, सध्या दुसरीकडे पाठवलेली नाही. हे शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. एकच कथा दोन अंकांकडे पाठवली आणि दोघांनी घेतली तर दोन्ही दारं बंद होतात. उत्तर आलं नाही तर दीड-दोन महिन्यांनी एक नम्र स्मरणपत्र पाठवायला हरकत नाही, मीही पाठवलं होतं.

मानधन आहे. अंक निघाल्यावर देतात, आणि लेखकाची एक प्रत. रक्कम मोठी नाही, पण लिहून पैसे मिळण्याची माझी पहिलीच वेळ. त्या पैशातून अंकाच्या आणखी प्रती घेणार, एक त्या पेजवाल्या आजींसाठी. त्या खऱ्या आहेत. देवगड तालुक्यातल्या एका गावात माझी मुक्कामी ड्युटी असायची, तिथल्या. गाडी उभी केली की पहिला प्रश्न, "जेवलंस काय रे झिला?" आपण जेवलो म्हटलं तरी उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा यायचाच. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन.

---

अनवट | १३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

अभिनंदन. बातमी खरंच आनंदाची आहे. पण शेवटाबद्दल मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझी एक कथा काही वर्षांपूर्वी एका अंकात छापून आली. अंक हातात आला तेव्हा कळलं की शेवटचे दोन परिच्छेद गेलेत आणि त्या जागी संपादकाचं स्वतःचं एक वाक्य आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. नाव माझं, वाक्य त्यांचं. लोक त्या वाक्याचं कौतुक करायचे आणि मी मान हलवायचो. ती कथा मी परत कधी वाचलेली नाही.

कुणाचं काय आणि कसं छापायचं हे मूठभर लोक ठरवतात, हा राग मराठीत जुना आहे. १९६९ साली 'सत्यकथा' या मासिकाचा अंक तरुण लेखकांनी जाळला, तो याच रागातून. तेव्हा जपून. शेवटचं पान तुम्ही जगलात. संपादकांनी ते फक्त वाचलंय.

---

जुना वाचक | १३ ऑगस्ट, सकाळी १०.३०

मुक्काम, तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. मी वयाने बराच मोठा आहे, म्हणून आशीर्वादही देतो.

अनवट यांची वेदना खरी आहे. न विचारता बदल करणं हा गुन्हाच आहे. पण सत्यकथेचं नाव निघालं म्हणून दुसरी बाजूही सांगतो. गिरगावातल्या खटाववाडीत सत्यकथा काढणाऱ्या 'मौजे'चं ऑफिस होतं, माझं तरुणपण त्याच भागात गेलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक लेखकाशी चर्चा करत, पत्रं लिहीत, पुनर्लेखन करायला सांगत आणि वाट बघत. सगळ्यांना ते रुचायचं असं नाही. वेळ लागायचा, काही लेखक दुरावलेही असतील. पण वाक्य लेखकाचंच राहायचं. १९८२ साली सत्यकथा बंद झालं तेव्हा एक मासिक गेलं एवढंच नव्हे, कथेवर इतका वेळ खर्च करणारी माणसं कमी झाली. आज तुमच्या संपादकबाई फोन करतात, कारण सांगतात, आठ दिवस देतात. हे दुर्मीळ आहे.

आणखी एक. तुम्ही सिंधुदुर्गातले म्हणून मुद्दाम सांगतो. दिवाळी अंकाची परंपरा ज्यांनी सुरू केली, ते 'मासिक मनोरंजन'चे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. १९०९ साली त्यांनी पहिला दिवाळी अंक काढला. 'मित्र' हे आडनाव त्यांनी बंगालीच्या प्रेमातून घेतलेलं, मूळ आडनाव आजगावकर. आजगाव म्हणजे तुमच्या सावंतवाडी तालुक्यातलं.

---

मुक्काम | १३ ऑगस्ट, दुपारी २.२०

काका, हे मला माहीत नव्हतं! आजगाव–शिरोडा रस्त्यावर मी चार वर्षं काढली आहेत. आजगावच्या थांब्यावर किती हजार वेळा बेल मारली असेन. तिथून पोरं उतरताना, भाजीच्या पाट्या चढताना बघितल्या, आणि दिवाळी अंक काढणाऱ्या माणसाचं आडनाव या गावावरून आलेलं हे मला आज, माझी कथा दिवाळी अंकात लागल्यावर कळतंय. पुढच्या वेळी त्या रस्त्याला गेलो तर थांब्यावर उतरून जरा उभा राहीन.

अनवट, राग कसला. तुमच्या बाबतीत झालं ते वाचून वाईट वाटलं. म्हणूनच मी आठ दिवस पुरते घेणार आहे. मला विचारलंय, हा फरक मला मोठा वाटतो.

---

खिळेजुळारी | १३ ऑगस्ट, रात्री ८.५०

दादा, अभिनंदन! मी धंद्यातला माणूस, म्हणून कामाचं बोलतो. वडील ट्रेडलच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवायचे, मी डीटीपी करतो, म्हणजे संगणकावर पानं लावतो. ऑगस्ट ते दिवाळी आमच्याकडे रात्र नसते.

तुमची कथा युनिकोडमध्ये आहे. बऱ्याच ठिकाणी पानं अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतात, म्हणजे मजकूर रूपांतर करून घ्यावा लागतो, आणि त्यात अक्षरं सांडतात. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' सगळ्यांत आधी मोडतात, म्हणजे तुमचं 'दुसऱ्या' आणि 'बऱ्हाणपूर' धोक्यात. 'ॲ' गायब होतो किंवा त्याचा चौकोन होतो. अवतरणचिन्हं उलटी लागतात. संवादात तुम्ही लांबवलेला उच्चार दाखवायला 'ऽ' वापरला असेल तर तो हमखास उडतो. प्रूफ मागून घ्या, पीडीएफ मिळतेच. फोनवर वाचू नका, छापून घ्या. आणि शेवटच्या ओळीपासून वर वर वाचत जा. सरळ वाचलं की डोळा कथेत शिरतो आणि चूक दिसत नाही.

मालवणी संवाद असतील तर पत्रात ठळक लिहा, "बोली आहे तशी ठेवावी." नाहीतर मुद्रितशोधक भल्या हेतूने 'इलंय'चं 'आलोय' करून टाकतो. त्याच्या दृष्टीने ती चूक असते.

अजून एक. अंक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये जातो. शेवटच्या क्षणी जाहिरात आली की मजकूर सरकतो आणि कधी कथेच्या चार ओळी पानात न मावता जास्त होतात. तेव्हा कुठल्या चार ओळी जाव्यात हे तुम्ही आधीच मनात ठरवून ठेवा. फोन आला की दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे, नाहीतर आमच्यासारखा कुणी तरी ठरवतो.

---

ठिपका | १३ ऑगस्ट, रात्री ९.१०

खिळेजुळारी, हे सोन्यासारखं आहे. वहीत उतरवून घेतलं.

---

परसदार | १४ ऑगस्ट, पहाटे ४.३०

अभिनंदन मुक्काम! मी न्यू जर्सीत असते, माहेर कणकवलीचं. लहानपणी आजोळी जायचो ती मुक्कामी गाडीच असायची. पहाटे काळोखात ड्रायव्हरने इंजिन चालू केलं की आख्खी वाडी जागी व्हायची, कुणाला गजराची गरज नसायची. तुमच्या चार ओळींत मला तो डिझेलचा वास आला. अंकाचं नाव कळलं की लगेच सांगा. दरवर्षी पाच-सहा अंक मागवते, या वर्षी पहिला तुमचा.

---

मुक्काम | १९ ऑगस्ट, रात्री ९.१५

मंडळी, निर्णय झाला. कसा झाला ते सांगतो.

शेवटचं पान काढून आणि ठेवून, दोन्ही प्रकारे कथा चार-पाचदा वाचली. स्वतःचं स्वतःला काही कळेना. मग परवा मुक्कामाच्या गावी, ज्यांच्यासोबत सध्या ड्युटी आहे त्या चालकांना विचारलं, वाचून दाखवू का? पंचवीस वर्षं गाडी चालवणारा माणूस. वर्तमानपत्राशिवाय काही वाचत नाहीत. म्हणाले, वाच. बॅटरीच्या उजेडात, गाडीतच, पुढच्या सीटवर बसून वाचली. पाऊस होता, टपावर आवाज येत होता, म्हणून मोठ्याने वाचावी लागली.

थाळी सरकवण्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी पुढचं पान सुरू केलं. दोघं बोलायला लागले, मन मोकळं करायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. इतको बोलणारो डायवर मी बघूक नाय."

मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "थाळी सरकवल्यान ना? झाला मग."

अनवट, तुमचं म्हणणं मी विसरलो नव्हतो. ते पान मी जगलो हे खरं. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं, जगलो ते तसं नाहीच. माझ्या बाबतीत आम्ही दोघं कधी बोललोच नाही त्या विषयावर. अबोला असाच एका सकाळी सुटला, त्याने न बोलता चहाचा ग्लास माझ्या हातात दिला तेव्हा. शेवटचं पान मी लिहिलं होतं ते मला तेव्हा जे बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही, ते. ते माझं आहे, पेटीत राहील. कथेचं नाही.

पहिलं दीड पानही काढलं. ते काढताना काहीच दुखलं नाही. बेचाळीसशे शब्दांची कथा तेहतीसशेवर आली. सकाळी पाठवली. सोबत लिहिलं, "मालवणी संवाद आहेत तसे ठेवावेत." तासाभरात बाईंचं उत्तर आलं: "ठेवणारच."

---

अनवट | १९ ऑगस्ट, रात्री ९.५०

चहाच्या ग्लासाबद्दल वाचलं आणि माझं म्हणणं मागे घेतो. पान तुम्ही काढलंत, कुणी कापलं नाही. माझी ती जुनी कथा आज काढून बघेन म्हणतो. शेवट माझ्या हाताने परत लिहून ठेवीन, कुठे छापून येवो न येवो.

---

जुना वाचक | २० ऑगस्ट, सकाळी ९.००

अनवट, लिहा आणि इथे टाका. आम्ही वाचू.

---

मुक्काम | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ५.३०

प्रूफ आलं! कथेला चित्रही आहे. काळोखात उभी गाडी, पडवीत एक दिवा आणि दोन आकृत्या एकमेकींकडे पाठ करून. चित्रकाराने गाडीच्या बोर्डावर गावाचं नाव लिहिलेलं नाही, कोरा ठेवलाय. मला ते फार आवडलं.

खिळेजुळारी, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून पानं छापून घेतली आणि खालून वर वाचली. 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' तीन ठिकाणी मोडला होता. 'ॲल्युमिनियमची थाळी'मधला पहिलाच स्वर उडाला होता, नुसतं 'ल्युमिनियम' राहिलं होतं. सरळ वाचताना मला तो खरंच दिसला नव्हता. 'झिला' आहे तसाच आहे, कुणी 'मुला' केलेला नाही. सगळ्या दुरुस्त्या पान-ओळ घालून पाठवल्या. कुठल्या चार ओळी गेल्या तरी चालतील तेही कळवलं.

चालकदादांना चित्र दाखवलं. फोन लांब धरून बघितलं आणि म्हणाले, एक प्रत मलाही हवी, घरी ठेवायला. पैसे देऊ लागले, मी घेतले नाहीत.

सुरंगीताई, परसदार, अंक बाजारात आला की पहिलं नाव इथेच सांगेन. आज रात्री मुक्कामाची ड्युटी आहे, गावात रेंज नसते. उत्तरं उद्या सकाळी, कॅश भरल्यावर.